ध्येयांची एक्सेल शीट

मंडळी, आजचा लेख जरा भांडणाचा आहे. चहा घेऊन बसा.

माझं भांडण एका एक्सेल शीटशी आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या लॅपटॉपवर ती असणारच. 'पर्सनल' नावाच्या फोल्डरमध्ये, 'लाइफ गोल्स फायनल टू' किंवा अशाच काहीतरी नावाने. पहिल्या कॉलममध्ये ध्येय, दुसऱ्यात वर्ष, तिसऱ्यात स्टेटस. हिरवं, पिवळं, लाल. आजवर ज्या ज्या मित्रांनी मला आपली शीट दाखवली, त्या सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच होतं:

– तिशीच्या आत टू बीएचके, पस्तिशीच्या आत थ्री बीएचके (बाणेर किंवा बालेवाडी. हिंजवडी असेल तर रिसेल व्हॅल्यू बघून.)
– ऑनसाइट, किमान दोन वर्षं
– पस्तिशीपर्यंत मॅनेजर नाहीतर आर्किटेक्ट
– एक फुल मॅरेथॉन
– २५ देश
– आई-बाबांना युरोप टूर
– चाळिशीत रिटायर. मग शेती / कॅफे / कोकणात होमस्टे

आता यात वाईट काय आहे? एकेक ओळ सुटी वाचली तर काहीच नाही. पण सगळी यादी एकदा क्रियापदांसकट म्हणून बघा. फ्लॅट घेतला. ऑनसाइट जाऊन आलो. मॅनेजर झालो. मॅरेथॉन पळालो. युरोप दाखवला. एकूण एक वाक्य भूतकाळात गेल्यावरच पूर्ण होतं. 'मला अमुक गोष्ट करत राहायची आहे' असं एकही वाक्य नाही. म्हणजे सात ध्येयं आहेत आणि सातही उरकायची आहेत! ज्या गोष्टीची आपल्याला खरोखर ओढ असते ती उरकायची घाई कोणाला असते हो?

आणि दुसरी गंमत म्हणजे सगळ्यांची यादी एकच. एक जण सांगलीचा, एक नांदेडचा, एक डोंबिवलीचा, एकाला गाण्याचं वेड, एकाला इतिहासाचं. पण शीट उघडली की सगळे स्टॅक ओव्हरफ्लोवरून एकच उत्तर कॉपी-पेस्ट केल्यासारखे. व्हेरिएबलची नावंसुद्धा न बदलता.

हा साचा आला कुठून? आपल्याला 'स्मार्ट गोल्स' पाठ असतात. दर एप्रिलमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरताना तेच घोकतो. ही संज्ञा जॉर्ज डोरान नावाच्या गृहस्थाने १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' या मासिकातल्या एका छोट्याशा लेखात मांडली. तो लेख मॅनेजर लोकांसाठी होता. खात्याची उद्दिष्टं कागदावर कशी लिहावीत, एवढाच विषय. त्यातला 'ए' म्हणजे आज आपण म्हणतो तो 'अचीव्हेबल' नव्हता. मूळ शब्द होता 'असाइनेबल', म्हणजे हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं ते! शिवाय प्रत्येक उद्दिष्टात पाचही गोष्टी असायलाच हव्यात असं नाही, हेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी १९५४ मध्ये पीटर ड्रकरने उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली, तीही कंपन्या चालवण्यासाठीच. थोडक्यात, कोणीतरी कोणालातरी काम नेमून द्यायचं आणि तीन महिन्यांनी हिशेब मागायचा, यासाठी बनवलेलं हे हत्यार आहे. आपण ते घरी आणलं आणि स्वतःवरच चालवायला लागलो. ऑफिसात निदान मॅनेजर तरी दुसरा कोणी असतो. घरी आपणच मॅनेजर, आपणच रिसोर्स, आणि रविवारी रात्री आपणच आपल्याला विचारतो, 'स्टेटस काय?'

इथे कोणीतरी हटकून येल विद्यापीठाची गोष्ट सांगतो. तुम्हीही ती इंडक्शनच्या ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल. १९५३ च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती म्हणे, आणि २० वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त भरली म्हणे. ऐकताना अंगावर काटा येतो. भानगड एवढीच आहे की असा अभ्यास कधी झालाच नाही. १९९६ मध्ये 'फास्ट कंपनी' मासिकाने त्याचा माग काढला. ही गोष्ट सांगणारे वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि मुळाशी हाती काहीच लागलं नाही. तरी ती आजही स्लाइडवर दिमाखात झळकते. आणि मला त्या गोष्टीच्या खोटेपणापेक्षा तिच्या शेवटाचा जास्त राग येतो. २० वर्षांनी यांच्या आयुष्याचं मोजमाप काय, तर बँक बॅलन्स! गोष्ट रचायचीच होती, तर निदान 'ते जास्त सुखी होते' एवढं तरी रचायचं.

बरं, मला उलट बाजूही माहीत आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी कित्येक वर्षं यावर खरंखुरं संशोधन केलंय. नेमकं आणि अवघड उद्दिष्ट समोर ठेवलं की माणूस हातातलं काम जास्त चांगलं करतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मान्य. पण हातातलं 'काम' आणि आपलं अख्खं आयुष्य यांत फरक आहे. काम संपवायचं असतं.

मोजायला लागलं की काय होतं, हे आपल्या धंद्यात तरी सांगायची गरज पडू नये. १९८२ च्या सुरुवातीला अ‍ॅपलच्या लिसा प्रोजेक्टवर मॅनेजरनी फतवा काढला की प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल अ‍ॅटकिन्सनने त्याच सुमारास ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहिला होता. तो आधीपेक्षा कितीतरी वेगवान झाला होता आणि कोड दोन हजार ओळींनी कमी झाला होता. पठ्ठ्याने फॉर्मवर लिहिलं, 'उणे २०००'. त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्डने ही आठवण लिहून ठेवली आहे. काही आठवड्यांनी म्हणे त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. हा किस्सा आपण सगळे मिटक्या मारत एकमेकांना पाठवतो. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन आपल्या आयुष्याच्या ओळी मोजत बसतो. २५ देश. ४२ किलोमीटर. तीन बेडरूम.

माझा एक मित्र तबला वाजवायचा. लहानपणापासून. त्याच्या शीटमध्ये एक ओळ होती, 'तबला विशारद'. कॉलेजात असताना रात्ररात्र रियाज करून त्याने ती परीक्षा दिली, पास झाला, ओळ हिरवी केली. त्याला आता सहा वर्षं झाली. तबल्याची जोडी सध्या माळ्यावर, खोळीत घालून, जुन्या मॉनिटरच्या शेजारी आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, "झालं ना यार ते." 'झालं' हा शब्द तो ज्या समाधानाने उच्चारतो ना, त्याची मला भीती वाटते. त्याला हवा होता तबला. शीटमध्ये मावली परीक्षा. म्हणून शीटने परीक्षा ठेवून घेतली आणि तबला माळ्यावर टाकला.

आता येऊ या सगळ्यांच्या लाडक्या ओळीकडे. चाळिशीत रिटायर.

मी अठ्ठावीसचा आहे, तेव्हा माझंच गणित मांडतो. समजा महिन्याचा खर्च १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. सूत्र सांगतं की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा, म्हणजे ३ कोटी, आणि त्यातून दरवर्षी ४ टक्के काढा. हे ४ टक्के आले कुठून? विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि बाँडच्या जुन्या आकड्यांवरून ते काढले, आणि तेसुद्धा ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी. चाळिशीत निवृत्त होणाऱ्याला ४५-५० वर्षं काढायची असतात, आणि तीही भारतातल्या महागाईत. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो (७२ भागिले ६, शाळेतलं गणित). म्हणजे मी चाळिशीला पोचेन तेव्हा ३ कोटींचा खांब ६ कोटींवर सरकलेला असेल. तोवर शीटच्या पहिल्या ओळीनेही आपलं काम केलेलं असतं. ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत: महिन्याचा हप्ता साधारण ६९,४०० रुपये, आणि फेडून होईपर्यंत बँकेला गेलेले सुमारे १ कोटी ६६ लाख. एक ओळ म्हणते कर्ज फिटेपर्यंत नोकरी सोडू नकोस, दुसरी म्हणते चाळिशीत सोड. आणि शीटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी पिवळ्या रंगात गुण्यागोविंदाने नांदतात!

पण पैशाचं गणित जमेलही कोणाला. माझा प्रश्न वेगळा आहे. चाळिशीनंतर काय करणार?

"शेती," मित्र म्हणतो.

छान. कुठली? किती एकर? पाणी विहिरीचं की कालव्याचं? पीक कोणतं? मुळात महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. १९४८ चा कूळ कायदा आडवा येतो. तुझ्या घरात कोणाचं सातबाऱ्यावर नाव आहे का? हे त्याला माहीतच नव्हतं. बारा वर्षांनी ज्या गोष्टीला आयुष्य वाहणार, तिच्यासाठी त्याने अजून एक शनिवारसुद्धा घालवला नाही. कुंडीत कढीपत्ता लावलेला नाही. फोन घ्यायच्या आधी हाच माणूस चौदा रिव्ह्यू वाचतो!

शेतीची त्याला ओढ नाहीच, असा माझा सरळ आरोप आहे. त्याला रोजच्या कामाचा, कॉल्सचा, त्या ट्रॅफिकचा वीट आलाय, आणि 'इथून बाहेर' या गोष्टीला त्याने 'शेती' हे नाव दिलंय. वीट येणं अगदी खरं आहे, त्यावर काहीतरी करायलाच हवं. पण वीट म्हणजे ध्येय नाही. त्या विटाच्या जोरावर तो आज ते चाळीस या मधल्या बारा वर्षांना वेटिंग रूम करून टाकतो. बारा वर्षं म्हणजे ६२४ शनिवार. ते सगळे 'नंतर'च्या खात्यात जमा.

आणि त्या वेटिंग रूममध्ये आपण एकटे नसतो. 'आई-बाबांना युरोप टूर' ही ओळ बघा. वर्ष लिहिलंय २०२९, कारण तोवर कारचं लोन संपेल. ज्या मित्राच्या शीटमध्ये ही ओळ आहे, त्याच्या आईला आत्ताच जिना चढताना मधे थांबावं लागतं. त्या माउलीने युरोप मागितलेलाही नाही. ती दर फोनला एकच विचारते, "कधी येतोयस?" पुण्याहून घर सहा तासांवर. पण 'महिन्यातून एकदा घरी जाणे' या ओळीला स्टेटस काय देणार? ती कधीच हिरवी होत नाही. पुढच्या महिन्यात परत लाल. म्हणून ती शीटमध्ये नाही. आणि शीटमध्ये नाही म्हणून ती होत नाही. माझा सगळा राग या एका ओळीत आहे.

आता तुमचा आक्षेप. मला तो ऐकू येतोय. "पोटं भरलेल्यांची तत्त्वज्ञानं आहेत ही. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला विचार."

आक्षेप एकदम रास्त आहे. आमचं बालपण भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. पाणी सकाळी अर्धा तास, आणि पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहिले की घरमालकाच्या कपाळाला आठी. बाबांनी स्वतःचं घर घेतलं ते नोकरीच्या तेविसाव्या वर्षी. त्यांच्यासाठी घर ही यादीतली ओळ नव्हती. आपल्या पोरांना कोणी 'खोली खाली करा' म्हणू नये, यासाठीची ती लढाई होती, आणि त्यांनी ती जिंकली. त्या पिढीच्या घराला मी हसणार नाही, आणि आजही ज्याच्यावर घरच्या कर्जाचा, बहिणीच्या शिक्षणाचा भार आहे त्यालाही हे लागू नाही. पण आपण काय करतो? बाबांनी पहिल्या घरासाठी वापरलेला शब्द आपण तिसऱ्या बेडरूमसाठी वापरतो. लढाई तर त्यांनीच जिंकून ठेवली. आपण नुसता तोच पोवाडा गातोय.

यासाठी आपल्या भाषेत एक छान, साधा शब्द आहे: तरतूद. घर, विमा, अडीअडचणीचे पैसे, मुलांच्या फिया, म्हातारपणाची सोय ही सगळी तरतूद. ती केलीच पाहिजे, वेळेवर केली पाहिजे, आणि तिच्यासाठी एक्सेल शीट अगदी उत्तम. तरतुदीचा एक मोठा गुण असा की ती 'पुरेशी' होऊ शकते. पण तिला ध्येय म्हटलं की ती कधीच पुरेशी होत नाही, कारण ध्येय गाठलं की पुढचं लागतं. टू बीएचकेनंतर थ्री बीएचके येतो तो असा. मग वाढलेल्या हप्त्यामुळे शनिवारच्या डिप्लॉयमेंटला नाही म्हणता येत नाही, आणि तरतूद आपलीच संध्याकाळ खाते.

पस्तिशीपर्यंत मॅनेजर होणं तर तरतूदही नाही. ते आपल्या हातातच नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवरच गदा येणार असल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या किती जणांच्या शीटमध्ये ती ओळ नुकतीच हिरवी झाली असेल, विचार करा.

मग ध्येय कशाला म्हणायचं?

देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक मास्तर होते. जन्म १९०५, डहाणूचा. गणितात मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही. हाती शाळेची नोकरी आणि आकड्यांचं वेड. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. येईल त्या उत्तरावर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि एकदा ६१७४ आले की पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. मास्तरांनी हे १९४९ मध्ये मांडलं. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम फुटकळ वाटायचं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला त्यांचं नाव कळलं. तेव्हा मास्तर ७० वर्षांचे होते. शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे १९४९ पासून २६ वर्षं त्यांच्या शीटमधली ती ओळ लालच राहिली असती. कुठल्याही अप्रेझलमध्ये मास्तर नापास. पण त्या २६ वर्षांत रोज संध्याकाळी ते जे करत होते, तेच त्यांना करायचं होतं. गार्डनरचा लेख ही वरकड कमाई. "आम्ही काय कापरेकर आहोत का," म्हणू नका. माझा मुद्दा त्यांच्या प्रतिभेचा नाहीच, संध्याकाळचा आहे. संध्याकाळ आपल्यालाही त्यांच्याइतकीच मिळते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. जे तुम्ही ध्येय म्हणून सांगताय, त्याचं या आठवड्यात काय केलंत? आणि दुसरं, ते कधीच कोणाला सांगता आलं नाही, फोटो टाकता आला नाही, सर्टिफिकेट मिळालं नाही, तरी करत राहाल का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर ते ध्येय. मग ते कितीही किरकोळ असो. बाल्कनीतल्या टोमॅटोचं असो, भाचीला गणित शिकवण्याचं असो, एखादी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळण्याचं असो. बाकी सगळी एकतर तरतूद आहे, नाहीतर शेजाऱ्याच्या शीटमधून उचललेली ओळ आहे. तरतूद चोख करा. उचललेली ओळ खुशाल डिलीट करा, कोणी विचारायला येत नाही.

आणि तो आमचा तबलजी हे वाचत असेल तर त्याला एक निरोप. उद्या रविवार आहे. माळ्यावर चढायला शिडी लागली तर आमच्याकडे आहे.